27 नंबरचं बिब : मुलांच्या संघनिवडीचं एक प्रकरण

2023 च्या ऑक्टोबरात, नवरात्राच्या आधीच्या रविवारी, कोल्हापुरातल्या आमच्या मंडळाच्या लहान मुलांच्या फुटबॉल संघाची निवड झाली. 2012 साली जन्मलेली 34 मुलं आली होती, आम्हाला 16 हवी होती. सकाळी सातला सुरू केलं, साडेनऊला उरकलं आणि रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 16 नावं टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाचे वडील मैदानावर आले. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत रात्रपाळी करून तसेच आले होते, हातात डबा होता. म्हणाले, "सर, यादीत नाव न्हाई ते ठीक हाय. फक्त त्याला काय येत न्हाई तेवढं सांगा. रात्रभर तेच विचारायलाय."

मी वही उघडली. त्या मुलाच्या नावापुढं माझ्याच अक्षरात एक शब्द होता : 'लहान'. बाकी काही नाही. ते वाचून दाखवायची मला लाज वाटली. "पुढच्या वर्षी बघू," असं काहीतरी पुटपुटलो आणि ते गेले.

त्या एका शब्दानं पुढची दोन वर्षं आम्हाला कामाला लावलं. काय चुकलं, काय बदललं आणि त्यातलं काय अजून जमलेलं नाही, ते इथं लिहितो आहे. मुलांची नावं देत नाही. वडील आले होते त्या मुलाला 27 म्हणेन, कारण पुढच्या वर्षी त्याच्या अंगावर त्या नंबरचं बिब, म्हणजे सरावात शर्टावरून चढवायचं बिनबाह्यांचं बनियन, आलं. त्याच वर्षीचा दुसरा मुलगा, आडव्या बांध्याचा आणि सुसाट पळणारा, त्याला 8 म्हणेन.

आमची जुनी रीत

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. इथलं फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढलं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं ऐकली की आज संघ डोळ्यांपुढं येतात, पण ती तालीम मंडळांची नावं आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. अशा गावात अकरा वर्षांच्या पोराचं नाव मंडळाच्या यादीत येणं ही घरातली मोठी गोष्ट असते, आणि न येणं त्याहून मोठी. अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हापासून तर प्रत्येक बापाच्या डोळ्यांत एक चित्र पक्कं बसलं आहे.

निवडीची रीत अशी होती. मैदानाला दोन फेऱ्या, मग एकेकाचे तीन पेनल्टी, मग मोठ्या मैदानावर अकरा-अकरांचा वीस मिनिटांचा सामना. आम्ही तिघं कडेला उभे. तिघंही पेठेतले, म्हणजे निम्म्या मुलांचे बाप, काका आणि थोरले भाऊ आमच्या ओळखीचे. कोण कुणाचा हे माहीत असताना आपण निःपक्षपाती राहतो, असं आम्हाला मनापासून वाटत होतं.

मोठ्या मैदानावर अकरा वर्षांची मुलं सोडली की चेंडू कुणाकडं जातो? जो आधी पोहोचतो त्याच्याकडं. आधी पोहोचतो तो लांब पायांचा. 8 ने त्या सकाळी चार गोल केले, चारही एकाच पद्धतीनं : चेंडू पुढं मारायचा आणि सगळ्यांना मागं टाकून पळायचं. 27 डाव्या बाजूला बचावात उभा होता. त्याच्याकडं चेंडू आलाच असेल तर मला आठवत नाही.

त्या वडिलांचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून मी आधार कार्डांच्या झेरॉक्स काढून जन्मतारखा मांडल्या. निवडलेल्या 16 पैकी 9 मुलं जानेवारी ते एप्रिलमधली निघाली. सप्टेंबर ते डिसेंबरमधली दोन. 8 चा जन्म जानेवारीतला, 27 चा डिसेंबरातला. एका यादीवरून नियम काढता येत नाही, पण अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे त्या वयाच्या मुलाच्या आयुष्याचा जवळजवळ बारावा हिस्सा, हे कागदावर बघताना मी थबकलो. अनिकेतचा जन्म जुलै 2000 चा, आणि त्या विश्वचषकासाठीची वयाची रेघ होती 1 जानेवारी 2000. म्हणजे वर्षाच्या मधल्या महिन्यांतला मुलगाही वर जातो. पण तो वर जाईपर्यंत कुणीतरी त्याला दारात ठेवलेला असावा लागतो.

(माझ्या वडिलांच्या पिढीत हा हिशेबच करता आला नसता. गुरुजींनी अर्ध्या वर्गाची जन्मतारीख 1 जून लिहिलेली.)

इथं एक खुलासा. वय चोरून खेळण्याचा हा विषय नाही. तो रोग वेगळा आहे, त्यासाठी क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. आमच्या मुलांचे दाखले खरेच होते. खऱ्या दाखल्यांवरही अन्याय होतो, हे आम्हाला नव्यानं कळत होतं.

बर्फावरची गोष्ट

माझी मावसबहीण कॅनडात अल्बर्टा प्रांतात राहते. तिचा मुलगा आइस हॉकी खेळतो. मी तिला ही हकिगत सांगितली तर ती म्हणाली, "अरे, हे इथं आधीच शोधून झालंय, आणि तेही आमच्याच प्रांतात."

लेथब्रिज नावाच्या गावात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मानसशास्त्राचे प्राध्यापक रॉजर बार्न्सली तरुण खेळाडूंचा आइस हॉकी सामना बघायला गेले होते. सोबत पत्नी पॉला होत्या. सामन्याची माहितीपत्रिका चाळताना खेळाडूंचे जन्ममहिने पॉलांच्या लक्षात आले : जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, पुन्हा जानेवारी. तिथं मुलांचे गट 1 जानेवारीपासून धरतात. बार्न्सलींनी मग याद्यांमागून याद्या तपासल्या आणि 1985 मध्ये निष्कर्ष छापले. वरच्या दर्जाच्या आइस हॉकीत ढोबळमानानं वर्षाच्या पहिल्या तिमाहीतले 40 टक्के, मग 30, मग 20, आणि शेवटच्या तिमाहीतले 10 टक्के, असा उतार दिसतो.

त्याचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जानेवारीतलं पोर जन्मतः सरस नसतं. नऊ-दहाव्या वर्षी ते थोडं थोराड असतं म्हणून वरच्या संघात जातं. तिथं चांगला प्रशिक्षक, जास्त सराव आणि जास्त सामने मिळतात. तीन वर्षांनी ते खरोखरच सरस झालेलं असतं, आणि निवडणारे म्हणतात, बघा, आमची पारख चुकली नव्हती. आपण मुलाला मोजतो आहोत असं समजतो, पण त्याच वेळी पुढचं वर्षभर चेंडू कुणाच्या पायात जास्त राहणार हे ठरवून टाकत असतो.

2013 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात याची दुसरी बाजू दिसली. व्यावसायिक आइस हॉकी लीगसाठी तरुण खेळाडूंची निवड होते, त्यात वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांना त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानानं खूप उशिरा बोलावलं गेलं होतं. म्हणजे इतका गाळ उपसल्यावरही डोळ्यावरची झापड जात नव्हती.

बहिणीनं तिच्या मुलाच्या निवडीचं जे वर्णन केलं ते मी वहीत उतरवून घेतलं. मुलांच्या अंगावर नावं नसतात, फक्त नंबर. मार्क देणारे बऱ्याचदा क्लबबाहेरचे, काचेमागं किंवा बाकावर पाटी घेऊन बसलेले. मुलं एकदाच नाही, तीन-चार वेळा बर्फावर उतरतात. आधी नुसतं स्केटिंग : पुढं, उलटं, झटक्यात थांबणं, दोन्ही बाजूंना वळणं. मग पक, म्हणजे चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती, घेऊन. मग छोटे सामने, आणि खरी पारख तिथं होते, असं तिचं म्हणणं. गोलकीपरांना वेगळं बघतात. सगळ्यात मला लागलेली गोष्ट ही की वस्तीच्या पातळीवरच्या क्लबात मुलाला घरी पाठवत नाहीत. घ्यायचं की नाही हा प्रश्नच नसतो, कुठल्या गटात बसवायचं एवढंच ठरवायचं असतं. तक्रारी तिथंही असतात. प्रशिक्षकाचा मुलगा वर का गेला, यावरून गाडीतळावर भांडणं होतात, असं तिनंच सांगितलं.

जोड

हे सगळं मी तालमीतल्या एका जुन्या वस्तादांना सांगत बसलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्यात नवीन काय? मी जोड लावताना कधी दाखला बघितलाय?"

कुस्तीत पोरांची जोड लावताना वस्ताद मान बघतो, मांडी बघतो, दंड दाबून बघतो, आणि बरोबरीच्याला बरोबरीचा देतो. थोराड पोराला बारक्याशी लढवलं तर दोघांचंही नुकसान, हे तालमीत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला कळतं. बारकं पोर डाव करायचं सोडून जीव वाचवायला शिकतं. थोराड पोर डाव शिकतच नाही, कारण त्याला त्याची गरज पडत नाही. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादम्यांनी अलीकडं मुलांना जन्मवर्षाऐवजी शरीराच्या वाढीवरून एकत्र खेळवून बघायला सुरुवात केली, त्याला ते बायो-बँडिंग म्हणतात. मुलग्यांची उंची सर्वांत वेगानं वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, पण कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची दोन वर्षं नंतर. जन्मतारीख एक असली तरी देह एका वयाचे नसतात. ज्या आवारात आमचं फुटबॉल वाढलं त्याच आवारात हे शहाणपण लाल मातीवर रोज वापरात होतं, आणि आम्ही ते भिंतीपलीकडच्या मैदानावर आणलं नव्हतं. याची मला आजही खंत आहे.

2024 ची निवड

या वेळी 29 मुलं आली. आधीच्या वर्षी नाकारलेल्यांपैकी बरीच परतली नाहीत. तो आमच्या पहिल्या निवडीचा खरा निकाल होता. 27 सुद्धा यायला तयार नव्हता. वर्षभर त्यानं पायाला चेंडू लावला नव्हता. वडिलांनी सुट्टी टाकून आणला.

बिबांवर नंबर रंगवून घेतले. नंबर आणि नावांची यादी एकाच माणसाकडं, आणि तो मार्क देणार नाही. मार्क द्यायला तिघं : शाळेतल्या पी.टी.च्या एक मॅडम आणि दुसऱ्या पेठेतले दोन जुने खेळाडू. या दोघांवरून मंडळात चांगलीच वादावादी झाली. "आपल्या पोरांस्नी त्यांनी मार्क द्यायचं?" असं एक ज्येष्ठ खेळाडू उभं राहून म्हणाले. ज्यांच्याविरुद्ध आपण स्टेडियमवर गळा फोडून ओरडतो त्यांच्या हातात आपल्या मुलांचं भवितव्य द्यायचं, ही गोष्ट कोल्हापुरात सोपी नाही. मी एवढंच म्हणालो की त्यांना आपल्या पोरांचे बाप माहीत नाहीत, म्हणून ते हवेत.

आठ दिवसांत तीन सत्रं घेतली. पहिल्या सत्रात मुद्दाम जुना अकरा-अकरांचा सामना ठेवला आणि दहावीतल्या एका मुलाला कडेला बसवून, कुणाचा चेंडूला किती वेळा पाय लागला याच्या रेघा ओढायला लावल्या. वीस मिनिटांत 27 च्या नावापुढं तीन रेघा. मग मैदानाचे छोटे तुकडे केले, चार-चारांचे सामने, गोलांच्या जागी प्लास्टिकचे शंकू. दहा मिनिटांत त्याच्या रेघा झाल्या 17. पोरगं तेच, सकाळ तीच.

दुसऱ्या सत्रात सगळ्यांची उंची मोजली. साहित्याच्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि साधारण एका उंचीची मुलं एकमेकांविरुद्ध खेळवली.

त्या सत्रात मी 27 ला पहिल्यांदा नीट बघितलं. रात्री पाऊस होऊन गेला होता, मैदान ओलं, चेंडू जड. तो उजव्या कडेला उभा होता. चेंडू त्याच्याकडं निघायच्या आत त्यानं मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं, पुन्हा डावीकडं. बिंदू चौकात रस्ता ओलांडणारा माणूस बघतो तसं. चेंडू पायाशी आला तेव्हा त्याला पुढचं सगळं माहीत होतं. एकाच स्पर्शात त्यानं तो मोकळ्या जागेत सरकवला. तिथं त्याचा जोडीदार पोहोचलाच नाही, चेंडू बाहेर गेला, आणि मुलं त्याच्यावर ओरडली. मॅडमनी काही न बोलता पाटीवर 5 लिहिला.

मार्कांचे रकाने चार होते. चेंडूवरचा ताबा, चेंडू येण्याआधी बघतो का, चेंडू गेल्यावर काय करतो, धाव आणि ताकद. प्रत्येकी 1 ते 5. आमची पहिली चूक म्हणजे आम्ही बेरीज केली. 8 ची बेरीज आली 13 : ताबा 3, बघणं 2, चेंडू गेल्यावर 3, धाव 5. 27 ची सुद्धा 13 : ताबा 4, बघणं 5, चेंडू गेल्यावर 3, धाव 1. बेरजेनं दोघं एकसारखे झाले, आणि त्यांच्याइतके वेगळे दोन मुलगे अख्ख्या मैदानात नव्हते. तेव्हापासून बेरीज बंद केली. धावेचा 1 शरीर वाढलं की बराचसा आपोआप वर येतो. बघण्याचा 2 वर आणायला कुणीतरी शिकवावं लागतं.

परीक्षकांचं सगळ्यांबाबत एकमत झालं असंही नाही. पहिली नऊ मुलं कुणालाही दिसत होती, अगदी नवशिकी आठ मुलंही. मधल्या बारांवर ओढाताण झाली. 14 नंबरच्या मुलाला एकानं ताब्यासाठी 4 दिला, दुसऱ्यानं 2. विचारल्यावर कळलं, एकानं त्याला मोकळ्यात बघितलं होतं, दुसऱ्यानं अंगावर माणूस असताना. दोघंही खरे होते. म्हणून तिसरं सत्र फक्त या बारांसाठी घेतलं, आणि परीक्षकांनी तेव्हा जागा बदलल्या. गोलकीपर व्हायला तिघं तयार होते, त्यांना आमच्या जुन्या कीपरनं अर्धा तास वेगळं घेतलं.

29 च्या 29

सगळ्यांना घ्यायचं हे आधीच ठरलं होतं. आठवड्यातले तीन दिवस सराव तीन गटांत, येतं त्याप्रमाणे. सामन्यांसाठी मात्र दोन समतोल संघ, वरचा-खालचा असं काही नाही. दर सहा आठवड्यांनी गट पुन्हा बघायचे. स्पर्धेचा संघ डिसेंबरात निवडायचा. यासाठी दुसरा प्रशिक्षक लागला. पेठेतलाच एक जुना बचावपटू नोकरी सांभाळून संध्याकाळी यायला लागला, नाहीतर हे कागदावरच राहिलं असतं.

यादी ग्रुपवर टाकली नाही. दोन संध्याकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर बसून एकेका मुलाशी आणि त्याच्या घरच्या माणसाशी पाच मिनिटं बोललो. 27 आजीबरोबर आला. मी म्हणालो, "तू मधल्या गटात आहेस. चेंडू यायच्या आधी तू मान वळवतोस, ते या मैदानावर दुसऱ्या कुणाला तुझ्याइतकं येत नाही. पण धक्का लागला की चेंडू सोडतोस, आणि डावा पाय वापरतच नाहीस. त्या दोन गोष्टी करायच्या."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे लहान आहे म्हणून न्हाई?"

माझा तो शब्द त्याच्यापर्यंत कसा पोहोचला होता, मला माहीत नाही. बहुधा मी वही उघडली तेव्हा वडिलांनी वाचला असेल. मी म्हणालो, "लहान आहेसच. पण ते मार्कात नाही." आजी म्हणाल्या, "त्याचा बा बी उशिरानंच वाढला."

8 च्या वडिलांना हे पटलं नाही. "माझ्या पोरानं त्या लिंबूटिंबूंबरोबर का खेळायचं?" असं त्यांनी विचारलं. ते चुकीचं बोलत नव्हते. बरोबरीचा गडी मिळत नसेल तर ते मूलही वाया जातं, हे वस्तादांनी सांगितलेलंच होतं. म्हणून 8 ला आठवड्यातून एकदा चौदा वर्षांखालच्या मुलांत पाठवलं. पहिल्या दोन आठवड्यांत त्याला कुणाच्याही पुढं पळता येईना. चेंडू पुढं मारला की मोठी मुलं आरामात उचलून न्यायची. तिसऱ्या आठवड्यात तो रागानं बूट काढून पायऱ्यांवर जाऊन बसला. पाचव्या आठवड्यात त्यानं मान वर करून पास दिला. तो त्याचा मी बघितलेला पहिला पास.

दुसऱ्या एका मुलाला मात्र वडील आमच्याकडून काढून घेऊन गेले. आमच्या नऊ चांगल्यांतला तो एक होता. त्यांना 'ए संघ' हवा होता, आम्ही तो नाव देऊन द्यायला तयार नव्हतो. डिसेंबरातल्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो आणि मंडळाच्या बैठकीत ते सगळं माझ्यावर आलं. तो मुलगा असता तर कदाचित जिंकलो असतो, हे मी मान्य केलं. आजही करतो.

27 दिवाळीच्या सुट्टीनंतर वरच्या गटात गेला. फेब्रुवारीत आजारपणानं तीन आठवडे चुकले आणि पुन्हा मधल्या गटात आला. एप्रिलमध्ये परत वर. डावा पाय अजून कच्चाच आहे. 2025 च्या मेमध्ये भिंतीवर पुन्हा खुणा केल्या तेव्हा चार मुलं उंचीत 8 च्या बरोबरीला आली होती, आणि शर्यतीत तो पहिला नव्हता. तो टिकून आहे तो त्या पासमुळं. 27 ची खूण अजून त्याच्या खांद्यापाशी आहे.

येत्या निवडीसाठी दुसऱ्या पेठेतले ते दोघं पुन्हा यायला तयार आहेत. त्यांनी एक अट घातली आहे : त्यांच्या मंडळाच्या मुलांना मार्क द्यायला आमच्यातले दोघं हवेत, आणि येताना नंबरांची बिबंही घेऊन या. बैठकीत उभं राहून विरोध केलेले ते ज्येष्ठ खेळाडू जातो म्हणालेत. दुसऱ्या नावाची अजून चर्चा चालू आहे.